इंग्रजी अमदानीतला गावाकडचा वाडा: वय कसं ओळखायचं आणि दुरुस्ती कुठून सुरू करायची

सातारा-सांगलीकडचे जुने वाडे पावसानं कमी आणि दुरुस्तीनं जास्त पडले, असं म्हटलं तर अतिशयोक्ती होईल, पण थोडीच. दगड, माती, चुना आणि लाकूड यांचा वाडा ओल आत घेतो आणि उन्हाळ्यात बाहेर टाकतो. शंभर वर्षं हे चालतं. मग कुणीतरी जोत्यापासून (जमिनीवर उचललेल्या चौथऱ्यापासून) चार फूट सिमेंटचा गिलावा करतं, ओलीची बाहेर पडायची वाट बंद होते, ती भिंतीत वर चढते आणि तुळईच्या टोकाला जाऊन बसते. दहा वर्षांनी माडी खचली की दोष वाड्याच्या वयाला लागतो.

म्हणून कामाचा क्रम ठरलेला ठेवावा. आधी वाडा वाचायचा, मग पाणी काढायचं, मग डोक्यावरचं ओझं बघायचं, मग भिंत, मग लाकूड. रंगरंगोटी सगळ्यात शेवटी. बहुतेक घरी हे नेमकं उलटं होतं, कारण गणपतीला पाहुणे येणार असतात.

वाडा कधीचा?

साताऱ्याचं राज्य कंपनी सरकारनं १८४८ मध्ये खालसा केलं. सांगली, मिरज, औंध, फलटण, जत ही संस्थानं मात्र १९४८ च्या विलीनीकरणापर्यंत राहिली. त्यामुळे पाच कोसांवरच्या, एकाच वयाच्या दोन वाड्यांचे कागद वेगवेगळ्या दप्तरांत सापडतात. शोध सुरू करण्याआधी आपलं गाव खालशातलं (थेट इंग्रजी अमलाखालचं) होतं की संस्थानातलं, हे नक्की करून घ्या. आजचा सांगली जिल्हा १९४९ मध्ये ‘दक्षिण सातारा’ म्हणून वेगळा झाला आणि १९६० मध्ये त्याला सांगली हे नाव मिळालं. त्यामुळे तासगाव, वाळवे, खानापूरकडच्या जुन्या नोंदी सातारा जिल्ह्याच्या नावाखाली असतात. १८८५ चं सातारा जिल्ह्याचं गॅझेटियरही याच जुन्या हद्दीचं आहे.

पेशवाईतला वाडा अंतर्मुख असतो. मेणवलीचा नाना फडणवीसांचा वाडा डोळ्यांसमोर आणा: बाहेरून भिंतच भिंत, सगळा उजेड चौकातून. इंग्रजी अमदानीत लुटारूंची भीती ओसरली तसा वाडा रस्त्याकडे तोंड करू लागला. माडीला बाहेर उघडणाऱ्या झिलमिलीच्या (तिरप्या पट्ट्यांच्या) खिडक्या, ओतीव लोखंडी कठड्याची गॅलरी, खिडकीवरच्या कमानीत रंगीत काचा. १८९० पर्यंत पुण्याहून कोरेगाव, कराड, मिरज असा रेल्वेमार्ग झाला आणि मंगळुरी कौलं, लोखंडी तुळया, शहाबादी फरशी असा जड माल खेड्यापर्यंत येऊ लागला.

मंगळुरी कौलाच्या पाठीवर कारखान्याचं नाव असतं. त्यावर ‘१८६५’ दिसलं की लोक वाड्याचं वय ठरवून मोकळे होतात. पण १८६५ हे मंगळूरच्या बासेल मिशनच्या कारखान्याचं स्थापनावर्ष आहे. ते पुढच्या काळातल्या कौलांवरही उमटवत. शिवाय कौलं बदलली जातात, खांब सहसा बदलत नाहीत. लोखंडी तुळईवरचा रंग खरवडून पाहा: ‘डॉर्मन लाँग’ असेल तर माल विलायतेचा, ‘टाटा’ असेल तर १९१२ नंतरचा, कारण जमशेदपूरला पोलाद तेव्हापासून निघू लागलं. चौकोनी घडीव खिळे जुने, तारेचे गोल खिळे नंतरचे. फळीवर करवतीचे सरळ, वेडेवाकडे ओरखडे असतील तर ती हातानं कापलेली. कमानीसारखे गोल ओरखडे म्हणजे गिरणीतली. दीड-दोन इंच जाडीची पातळ वीट पेशवाई वळणाची, तीन इंच जाडीची इंग्रजी मापाची. एकाच भिंतीत दोन्ही दिसल्या तर तिथं मागाहून काम झालं आहे.

चौकटीवर किंवा विहिरीवर साल कोरलेलं असेल तर ते शके आहे का, हे आधी बघा. शकात ७८ मिळवले की इसवी सन येतो. पौष ते फाल्गुनातली तिथी बहुधा पुढच्या सनात जाते. मोडी कागदांत फसली सन असेल तर ५९०, सुहूर सन असेल तर ५९९ मिळवा. साताऱ्याजवळच्या लिंबच्या बारा मोटांच्या विहिरीचं काम शके १६४१ ते १६४६ मधलं, म्हणजे इ. स. १७१९ ते १७२४ चं. आकडा तसाच इसवी म्हणून वाचणाऱ्यांनी तिला शिवाजी महाराजांच्या लहानपणात नेऊन ठेवलं आहे.

जळकी तुळई सापडली तर तिच्याकडेही पुरावा म्हणून बघा. १९४८ च्या फेब्रुवारीत, गांधीहत्येनंतरच्या जाळपोळीत या दोन्ही जिल्ह्यांत पुष्कळ वाडे जळाले आणि काहींची दुरुस्ती वाचलेल्याच लाकडावर झाली. कोळशाचा थर खरवडून आतलं शाबूत लाकूड मोजा. बारा इंचांची तुळई आत नऊ इंच उरली असेल तर ती किती भार पेलेल ते नऊ इंचांवरून ठरेल. वरून रंग दिलेला असला की हे कुणाच्या लक्षात येत नाही.

कागद आणि भाऊबंद

गावठाणातल्या घराला सातबारा नसतो. ग्रामपंचायतीचा आठ नंबरचा उतारा, सिटी सर्व्हे झाला असेल तर मिळकत पत्रिका, आणि स्वामित्व योजनेत ड्रोनमोजणी झाली असेल तर तिची सनद, एवढं आधी काढा. आठ नंबर कर आकारणीसाठी असतो, त्यावरून मालकी सिद्ध होत नाही. मळ्यातली वस्ती असेल तर सातबारा आणि जुने फेरफार लागतील. वतन-इनामाचे जुने कागद पुण्याच्या पुराभिलेखागारात शोधावे लागतात आणि ते मोडीत असतात, त्यामुळे सोबत मोडी वाचणारा माणूस हवा. घरातल्या रुमालात बांधलेली दप्तरं लॅमिनेट करू नका, फाटलेल्या जागी चिकटपट्टी लावू नका. मोबाइलवर सरळ वरून फोटो घ्या आणि धुतलेल्या सुती कापडात पुन्हा बांधून ठेवा.

उताऱ्यावर बहुधा पणजोबांचंच नाव निघतं. वारसनोंदी करून घ्या आणि खर्चाला हात घालण्याआधी सगळ्या हिस्सेदारांची लेखी संमती घ्या, मुंबईच्या काकांचीही. त्यात दोन वाक्यं हवीतच: केलेल्या खर्चाचा हिशोब वाटणीच्या वेळी कसा धरायचा, आणि सामायिक वाड्यातलं लाकूड एकट्यानं विकायचं नाही. जुन्या सागवानाचे व्यापारी गावोगाव फिरत असतात. एका हिश्श्याचे चार खांब गेले की शेजारचा हिस्सा दोन पावसाळ्यांत खाली येतो.

पहिला पावसाळा फक्त बघा

ज्या वर्षी ठरवलं त्याच वर्षी काम काढू नका. आधी मोजमाप करून आराखडा काढा. वाडा खणांत, म्हणजे खांबांमधल्या गाळ्यांत, बांधलेला असतो, म्हणून आराखडाही खणांत काढा: आडव्या ओळींना अ, आ, इ, उभ्यांना १, २, ३. म्हणजे प्रत्येक खांबाला ‘इ-३’ सारखा पत्ता मिळतो. पुढे लाकूड उतरवावं लागलं तर हाच पत्ता ॲल्युमिनियमच्या पट्टीवर ठोकून खिळ्यानं लावा. खडूनं लिहिलेला आकडा पहिल्या सरीत जातो.

भेगांवर चुन्याची चार इंचांची पट्टी आडवी लावून तारीख कोरा. पट्टी फुटली तर भेग चालू आहे, नाही फुटली तर जुनी, थांबलेली. सिमेंटची पट्टी लावू नका; ती फुटण्याऐवजी भिंतीपासून सुटते आणि काहीच कळत नाही. भर पावसात सगळीकडे फिरून कुठं गळतं, जोत्यापाशी कुठं तळं साचतं, भिंतीवर ओल किती फुटांपर्यंत चढते, ते आराखड्यावर लिहून ठेवा.

पाणी

गावातला रस्ता दर काँक्रीटीकरणाला उंच होतो आणि वाड्याचं जोतं तेवढंच बुडतं. पूर्वी तीन पायऱ्या चढून दिंडी दरवाजात शिरायचे, आता एक उतरावी लागते, अशी घरं कमी नाहीत. तिथं भिंतीपासून दोन-तीन फूट अंतरावर उथळ दगडी गटार काढा आणि दर पन्नास फुटांना एक फूट असा उतार द्या. भिंतीला लागून चर खणायचा नाही. मातीत बसवलेला पाया सहसा उथळ असतो. चर त्याच्या तळाखाली गेला की पाया सरकतो.

चौकातलं पाणी बाहेर नेणारी जुनी दगडी मोरी बहुतेक वाड्यांत असते आणि बहुतेक ठिकाणी ती बुजलेली असते. ती उपसून चालू केली की अर्धी ओल तिथंच जाते. संडास-बाथरूम मुख्य भिंतींना चिकटवू नका, परसात उताराच्या बाजूला बांधा. कृष्णाकाठच्या गावांत २००५, २०१९ आणि २०२१ च्या पुराच्या खुणा भिंतीवर असतात. वीज मीटर आणि स्विचबोर्ड त्यांच्या वर घ्या. पूर ओसरल्यावर मातीच्या भिंतीला लगेच जेटनं धुऊ नका आणि आत हीटर लावून घाईनं सुकवू नका. दारं-खिडक्या उघड्या टाकून सावकाश वाळू द्या.

छप्पर

महाबळेश्वरला पाऊस पाच हजार मिलिमीटरच्या पुढं जातो, तर माणदेशात पाचशेच्या आसपास. म्हणून जावळी-पाटणकडे उतरती कौलं आणि माण-खटाव-आटपाडी-जतकडे माळवद, म्हणजे मातीचं सपाट छप्पर. दोन्हींची दुखणी वेगळी.

मंगळुरी कौलं १०० चौरस फुटाला १४० ते १५० लागतात. वजन कोरडं असताना साडेतीनशे-चारशे किलो. वेगवेगळ्या कारखान्यांची कौलं एकमेकांत नीट अडकत नाहीत, आणि गळतीचं निम्मं कारण हेच असतं. सगळी उतरवून पाठीवरच्या शिक्क्याप्रमाणे वेगळी करा आणि एका उतारावर एकाच शिक्क्याची बसवा. कमी पडली तर पाडलेल्या शाळा-गोदामांची जुनी कौलं घ्या. प्रत्येक कौल बोटाच्या पेरानं वाजवून बघा. खणखणीत वाजलं तर ठीक, भद्द आवाज आला तर त्याला बारीक चीर आहे. रिपांचं, म्हणजे कौलं ज्यांवर अडकतात त्या लाकडी पट्ट्यांचं, अंतर साडेबारा इंचांच्या आसपास असतं, पण आकडा पाठ करून सुताराला सांगू नका. सहा कौलं एकमेकांत अडकवून एकदा ताणून आणि एकदा दाबून मोजा, दोन्हींची सरासरी काढून पाचानं भागा. रीप वर-खाली झाली तर कौलाचं नाक अडकत नाही आणि वाऱ्यानं पाणी उलटं आत शिरतं. आढ्यावरचे कोने, म्हणजे माथ्यावरची कौलं, चुन्यात बसवा. सिमेंटमध्ये बसवले तर उन्हानं पहिली चीर तिथंच पडते, आणि पुन्हा काढताना कोना फुटतोच. वाई-मेढ्याकडे वानरांचा उपद्रव आहे तिथं वळचणीच्या शेवटच्या दोन ओळी तांब्याच्या तारेनं रिपेला बांधतात. वानरं थांबत नाहीत, पण कौलं खाली पडत नाहीत. कौलं काढून पत्रा टाकायचा मोह टाळा. खाली भट्टी होते, आणि कौलांच्या वजनानं दाबून धरलेलं छप्पर वादळात उचललं जातं.

माळवदाचा धोका वेगळा आहे. कडीपाटावर, म्हणजे लाकडी कड्या-फळ्यांवर, पांढरी माती, आणि दर एक-दोन वर्षांनी गळती थांबवायला वर आणखी माती. सहा इंच मातीचं वजन चौरस फुटाला साधारण २४ किलो, म्हणजे दहा बाय दहाच्या खणावर २.४ टन. शंभर वर्षांत हा थर दीड फुटावर जातो आणि तोच खण सात टन पेलत उभा असतो. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपात माणसं मेली ती मुख्यतः दगड-मातीच्या भिंती आणि त्यांच्यावरच्या अशा जड माळवदांखाली. त्यामुळे पहिलं काम माती कमी करण्याचं. खाली टेकू द्या, मधल्या भागापासून सुरुवात करून दोन्ही बाजूंना सारखी उतरवत न्या. एकाच बाजूनं उतरवली तर तुळई उलट्या बाजूला पीळ खाते. चार इंच माती ठेवून वर चुना आणि विटांच्या तुकड्यांचा तीन इंचांचा कोबा ठोकून करा, पन्हळीकडे दर पाच फुटांना एक इंच उतार ठेवून. काढलेली पांढरी माती टाकू नका, भिंतीला लागेल.

भिंत आणि चुना

दगडी भिंतीला बाहेरून एक आणि आतून एक असे दोन पापुद्रे असतात, मधे चिपा आणि माती. मधे पाणी शिरलं की माती वाहून खाली बसते आणि बाहेरचा पापुद्रा पोट काढतो. ओळंबा लावून मोजा. दोन फुटी भिंतीनं दोन इंचांपेक्षा जास्त पोट काढलं असेल तर बांधकाम अभियंत्याला दाखवल्याशिवाय दगड हलवू नका. पोटाला बाहेरून सिमेंट काँक्रीटचा धीर देणं हा आवडता उपाय आहे आणि तो निरुपयोगी आहे. दोन पापुद्रे एकमेकांना बांधलेच जात नाहीत. बरोबर उपाय म्हणजे तीन-तीन फुटांचा तुकडा, एक सोडून एक, उतरवून पुन्हा रचणं. रचताना दोन्ही पापुद्र्यांना धरणारा आरपार दगड, ज्याला गवंडी हेडर म्हणतो, उभ्यात दर दोन फुटांना आणि आडव्यात दर चार फुटांना घाला. जुन्या भिंतीत हे दगड कंजूषपणे घातलेले असतात. तेवढा लांब दगड मिळत नसेल तर सळई घालून काँक्रीटचा ठोकळा ओता. सिमेंट चालण्याची ही एक जागा.

जुना सिमेंट गिलावा छिन्नी-हातोडीनं काढा, ब्रेकरनं नाही. ओलीच्या रेषेच्या एक फूट वरपर्यंत काढून भिंत एक पूर्ण उन्हाळा उघडी ठेवा. पांढरा लोणा, म्हणजे भिंतीतला क्षार, फुटेल. तो कोरड्या ब्रशनं झाडून सुपात गोळा करून बाहेर टाका. पाण्यानं धुतला तर विरघळून परत भिंतीत जातो.

चुना कळीचा, म्हणजे न विझवलेला, घ्या. पिंपात आधी पाणी, मग चुना, एक भाग चुन्याला तीन भाग पाणी. उलटं केलं तर उकळता चुना अंगावर उडतो. डोळ्यांना चष्मा आणि हातांत रबरी मोजे हवेतच. डोळ्यात गेलेला चुना दृष्टी घालवतो. दहा-पंधरा मिनिटांत उकळी आली नाही तर तो हवा लागून मेलेला माल आहे, परत करा. विझलेला चुना बारीक जाळीतून गाळून पाण्याखाली किमान महिनाभर ठेवा. घाई केली तर न विझलेले कण गिलाव्यात नंतर फुलतात आणि पुटकुळ्या येतात.

दरजा, म्हणजे दगडांमधल्या फटी, भरायला एक भाग चुना, तीन भाग वाळू. गिलाव्याच्या पहिल्या हाताला एक भाग चुना, एक भाग सुरखी (विटेची भुकटी), दोन भाग वाळू. सुरखी कमी भाजलेल्या विटेची. जास्त भाजलेली वीट कुटली तर ती नुसतं भरताड होते. नदीची वाळू आता सहज मिळत नाही. क्रशसँड, म्हणजे दगड भरडून केलेली वाळू, चालते, पण तिच्यातली भुकटी धुऊन काढा, नाहीतर गिलावा जाळीसारखा तडकतो. गूळ, बेलफळ, हिरडा यांचं पाणी कारागीर घालतात, त्यानं काम सुलभ होतं. गूळ जास्त झाला तर चुना उशिरा धरतो आणि मुंग्या लागतात, म्हणून एका कोपऱ्यात हातभर नमुना करून पंधरा दिवस बघा. एका हातात अर्ध्या इंचापेक्षा जाड थर देऊ नका. दहा-बारा दिवस ओलं पोतं लावून ठेवा. काम नोव्हेंबर ते फेब्रुवारीतच काढा. एप्रिलच्या उन्हात चुना धरण्याआधीच सुकतो आणि हात फिरवला की पिठासारखा गळतो.

भेंड्यांच्या म्हणजे कच्च्या विटांच्या भिंतीवर चुन्याचा गिलावा टिकत नाही. तिला मातीचाच गिलावा: पांढरी माती, वाळू आणि गव्हाचा भुसा आठवडाभर भिजत ठेवून रोज तुडवलेला. त्यावर चुन्याचे दुधासारखे पातळ तीन हात. एकच जाड हात दिला तर तो पोपडे धरतो.

लाकूड आणि लोखंड

वाड्याचा सांगाडा खांब-तुळयांचा असतो आणि भिंत बऱ्याच ठिकाणी नुसती भरलेली असते. म्हणूनच ११ डिसेंबर १९६७ सारख्या कोयनेच्या धक्क्यात भिंत पडली तरी छप्पर खांबांवर तोललेलं राहू शकतं. खोली मोठी दिसावी म्हणून भिंतीतला खांब काढणं म्हणजे ही सोय स्वतःच्या हातानं मोडणं. पाटण-कराडकडे तर हे करूच नये.

दोन ठिकाणं तपासा: तळखड्यावर (खांबाखालच्या दगडावर) टेकलेला खांबाचा पाय, आणि भिंतीत गेलेलं तुळईचं टोक. टोच्या दाबा. पाव इंचापेक्षा जास्त सहज गेला तर लाकूड कुजलेलं आहे. कुजका भाग शाबूत लाकडापर्यंत कापून त्याच जातीचा तुकडा तिरक्या जोडानं बसवा. जोडाची लांबी लाकडाच्या उंचीच्या तिप्पट तरी हवी, आणि दोन-तीन बोल्ट. नवं टोक भिंतीत पुरताना भोवती बोटभर हवा सोडा. सिमेंटनं लिंपलं की पाच-सात वर्षांत तेच काम पुन्हा. खांब काढण्याआधी दोन्ही बाजूंना जॅकचे टेकू द्या, खाली जाड फळी घालून. भार उचलला गेला की थांबायचं. छत अर्धा इंच वर गेलं तरी वरचा गिलावा आणि कौलं दोन्ही फुटतात.

वाळवीच्या मातीच्या नळ्या नुसत्या खरवडून उपयोग नाही, ती जमिनीतून येते. औषध जोत्याभोवतीच्या मातीत, लेबलवरच्या प्रमाणात द्यावं लागतं, आणि आडापासून लांब. लाकडाला गाडीचं काळं तेल फासू नका: वास जात नाही, धूळ चिकटते आणि आग लागली तर ती पसरवतं. जवसाचं तेल आणि टर्पेंटाइन निम्मेनिम पहिल्या हाताला, नंतर नुसतं जवसाचं, पातळ. तेलाचे बोळे गोळा करून कोपऱ्यात ठेवू नका, ते आपोआप पेट घेऊ शकतात. पाण्यात बुडवून मग टाका.

लोखंडी तुळयांमधली विटांची कमान असेल तर दोन तुळयांना जोडणारी गोल सळई कुणालाही कापू देऊ नका, पंखा लटकवायला अडचण होत असली तरी. कमानीचा रेटा तीच धरून असते. गंज तारेच्या ब्रशनं काढून प्रायमर द्या.

वायरिंग भिंत न खोदता पाइपातून वरून न्या आणि आरसीसीबी (विजेची गळती होताच प्रवाह तोडणारा स्विच) बसवा. जुन्या वाड्यांना आग लागते ती बहुधा कापडी वेष्टणाच्या जुन्या तारांनी.

दरवर्षी मेच्या शेवटी कौलं आणि पन्हळी बघायच्या, पहिल्या मोठ्या पावसात मोरी, दिवाळीनंतर वाळवी आणि भेगांच्या पट्ट्या. सुट्या कौलांचा शंभरेकांचा साठा गोठ्यात ठेवा, उभा रचून. आडव्या ढिगातली खालची कौलं वजनानं फुटतात आणि नेमकी ज्येष्ठात कळतात.